गाळपेरातला मंडप

रविवार, २१ ऑगस्ट २०१६. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. जोगतळं उद्यानाचं फाटक उघडायला अजून वीस मिनिटं होती आणि मदिनाबी बागवान तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीच्या दगडी बुरुजावर उकिडव्या बसून भिंतीवर रंगवलेली फुटांची पट्टी वाचत होत्या. पाणी चौदा फूट तीन इंचांवर होतं. त्यांनी आकडा दोनदा पाहिला, खांद्यावरच्या पिशवीतून नोंदवही काढली, तारखेपुढे तो लिहिला, खाली सही केली.

मग मान डावीकडे वळवली. तळ्याच्या पश्चिम अंगाला, काठापासून शंभरेक पावलांवर, पाण्यात एक मंडप उभा होता. काळ्या दगडाचे आठ खांब, वर पांढरा घुमट. दहा वाजता त्याचं उद्घाटन होतं. चौथरा सव्वातीन फूट पाण्याखाली होता आणि कठड्यावरच्या संगमरवरी पाटीचा खालचा अर्धा भाग दिसत नव्हता. वरच्या अर्ध्या भागातलं नाव अजून वाचता येत होतं. आप्पासाहेबांचं.

मदिनाबींनी ते वाचलं. सकाळी सकाळी त्यांना इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

या पाण्याची वाट त्यांनी बेचाळीस वर्षं पाहिली, असं म्हणणं जास्त होईल. वाट त्या साडेतीन महिनेच पाहत होत्या. राग मात्र बेचाळीस वर्षांचा होता.

जोगतळं बिबवेवाडीच्या दक्षिणेला आहे. १८७७ च्या दुष्काळात कामाला लावलेल्या माणसांनी त्याचा बांध घातला. बांधाखालच्या गावाला शंभर वर्षं त्याचं पाणी मिळालं. मग गावच शहराच्या पोटात गेलं. १९७४ साली तळं आणि काठची जमीन उद्यानासाठी घेतली गेली. १९७८ मध्ये फाटक उघडलं. पुढे गुलाबांची बाग झाली, हंसाच्या आकाराच्या सहा बोटी आल्या, त्यातल्या चार आजही चालतात. झुकझुक गाडी चार मिनिटांत एक फेरी मारते आणि तिच्या फलाटावर पाटी आहे : ‘गाडी लहान मुलांसाठी आहे. मोठ्यांनी आपले वय आठवावे.’ मधल्या बेटावर रातबगळ्यांची वसाहत आहे. हिवाळ्यात कॅमेरे घेतलेली माणसं पहाटेपासून तिकडे तोंड करून बसतात. फाटकावरच्या माहितीफलकात हे सगळं आहे. नाही ते एवढंच, की तळ्याच्या पोटात एकेकाळी शेती होत असे.

दिवाळीनंतर पाणी मागे सरकायला लागलं की पश्चिमेचा उतार उघडा पडायचा. त्या गाळाच्या जमिनीला गाळपेर म्हणत. तिला ना खत लागायचं ना पाणी. आतल्या ओलीवर काकडी, दुधी, खरबूज असं काही यायचं की मंडईतले दलाल मातीचा वास घेऊन सांगत, हा माल जोगतळ्याचा. मृगाच्या आधी वेल उपटून घ्यायचे, मग तळं आपली जमीन परत घ्यायचं. मदिनाबींचे वडील दादामियाँ बागवान ही शेती करत. त्यांचे वडीलही तीच करत. कागद असा काही नव्हता. दरवर्षी पाणी हटलं की गावासमोर खुंट्या ठोकायच्या आणि बी टोकायचं, एवढीच वहिवाट.

१९७४ साली जमिनी जाणाऱ्या घरांना मोबदला आणि घरटी एक नोकरी मिळणार होती. त्यासाठी कोणाची वहिवाट कुठे आहे याचा पंचनामा करायचा होता. सरकारी माणसाने तारीख विचारली ती गावच्या पोलीस पाटलांना, म्हणजे आप्पासाहेबांना. आप्पासाहेब तेव्हा अडतीस वर्षांचे होते, पांढऱ्या धोतरावर कोट घालत, आणि गावातलं कोणतं काम कोणत्या महिन्यात होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी ऑगस्टचा तिसरा आठवडा सांगितला.

त्या दिवशी तळं काठोकाठ होतं. मदिना सतरा वर्षांची. ती वडिलांच्या मागे बांधावर उभी होती. सरकारी माणसाने विचारलं, “तुमचं पीक कुठं आहे?”

दादामियाँनी पाण्याकडे बोट केलं. “तिथं.”

“पाण्यात?”

“आत्ता पाणी हाय साहेब. दिवाळीनंतर उघडं पडतंय.”

आप्पासाहेब सरकारी माणसाच्या कानाशी लागले, पण बोलले बांधावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. “म्हातारा पाण्यात काकड्या लावतो, साहेब.”

वीस-पंचवीस माणसं हसली. त्यातल्या निम्म्यांनी त्या काकड्या खाल्लेल्या होत्या. पंचनाम्यात ‘जलमय’ असं लिहिलं असतं तर पाणी ओसरल्यावर काय, हा प्रश्न आला असता. म्हणून आप्पासाहेबांनी सांगितलं, ‘काठची जागा, पड, कोणाचीही वहिवाट नाही’. तसंच लिहिलं गेलं. नकाशावर तिथे एक रिकामा चौकोन काढला गेला. दादामियाँनी अंगठा दिला. त्यांना वाटलं, आपण पाणी आहे असं सांगितलं तेच लिहिलं असेल.

त्या जागेचा मोबदला कोणालाच मिळाला नाही. नोकरी मात्र पोलीस पाटलांच्या एका चुलत भावाला लागली, वहिवाट नसताना. दादामियाँ पुढे उद्यानाच्या फाटकाबाहेर फुटाणे विकत बसायचे. आत गेले नाहीत. तिकीट पंचवीस पैसे होतं, म्हणून नव्हे. १९७९ च्या उन्हाळ्यात, ज्या दिवसांत खरबुजं उतरायची त्याच दिवसांत, ते गेले.

मदिनाबी आत गेल्या. १९८१ मध्ये रोजंदारीवर बिगारी म्हणून लागल्या, अकरा वर्षांनी कायम झाल्या. लग्न झालं होतं. मेहबूब रिक्षा चालवायचे, घरी दोन मुली. बहीण सकीना म्हणायची, “ज्यांनी बापाला बाहेर बसवलं त्यांच्याच बागेत खुरपं घेऊन बसतीस. लाज कशी वाटत नाही तुला?” मदिनाबी म्हणायच्या, “बाग त्यांची नाय. अजून तरी.”

१९८८ मध्ये पाण्याची नोंद ठेवणारा जुना चौकीदार निवृत्त झाला. ते काम कोणाला नको होतं. रोज उजाडायला यायचं, सुट्टी नाही. मदिनाबींनी मागून घेतलं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं त्यांनी तळं इंचाइंचाने लिहून काढलं. पट्टीवर किती फुटांना आपल्या वडिलांची कुठली खुंटी बुडते, हे त्यांना पाठ होतं. पहिली अकरा फुटांना, शेवटची साडेसातला.

आप्पासाहेब या काळात आप्पासाहेबच राहिले, फक्त मोठे झाले. जमिनी बिल्डरांना गेल्या, बंगला झाला, ट्रस्ट झाला. सकाळी फिरायला ते याच उद्यानात येत. सुरुवातीची काही वर्षं मदिनाबी मेंदी कापताना मुद्दाम त्यांच्या वाटेत बसायच्या. ओळख पटते का, पाहायला. आप्पासाहेब म्हणायचे, “बाई, सरका जरा.”

त्यांनी तोंड फिरवलं असतं तरी चाललं असतं. त्यांना आठवतच नव्हतं. एका माणसाचं आयुष्य त्यांनी पान थुंकावं तसं थुंकून टाकलं होतं आणि पुढे चालू पडले होते. मदिनाबींना सगळ्यात जास्त लागलं ते हे.

आता पाण्याचं. २००९ मध्ये मोरीच्या झडपेला गळती लागली. तेव्हापासून तळं दहा फुटांच्या वर कधी चढलं नाही, त्यात मधली दोन वर्षं पाऊसही तोकडा. सात वर्षांत लोक भरलेलं तळं विसरले. पश्चिमेच्या उतारावर गवत वाढलं, पोरं तिथे क्रिकेट खेळायला लागली. २०१५ च्या डिसेंबरात झडप बदलली. हे उद्यानात दोघांना नीट माहीत होतं : मुकादम दत्तोबांना आणि मदिनाबींना. दत्तोबांना ते झडप म्हणून माहीत होतं. मदिनाबींना पाणी म्हणून.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात आप्पासाहेबांच्या ट्रस्टने ठरवलं, की त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने उद्यानाला एक मंडप भेट द्यायचा. ट्रस्टने नेमलेली इंजिनिअर नीरजा, सव्वीस वर्षांची, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणारी, स्कूटरवरून यायची. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती उतारावर उभी राहून जमिनीवर बूट आपटत होती.

“मावशी, तुम्ही इथल्या ना? इथे आत्ता कुठे पाणी-बिणी नाही ना?”

मदिनाबी खुरपं पुसत होत्या. बेचाळीस वर्षांत हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला जात होता. त्यांनी विचार करायला जितका वेळ लागतो तितका घेतला.

“आत्ता पाणी नाही,” त्या म्हणाल्या.

“मागच्या पावसाळ्यात?”

“मागच्या पावसाळ्यातही नव्हतं.”

“ग्रेट. म्हणजे साईट ओके आहे.”

नीरजा चांगली मुलगी होती. डब्यातला पराठा अर्धा करून द्यायची. मदिनाबींचं तिच्याशी काही वैर नव्हतं, म्हणून त्या आणखी एक वाक्य बोलल्या. “कपाटात पाण्याची नोंदवही आहे. जुनी वर्षं पण आहेत. बघायची तर बघा.”

नीरजा बघणार होती. आधी तिने आप्पासाहेबांना फोन लावला, तिथेच, मदिनाबींच्या समोर, स्पीकरवर.

“नोंदवह्या कसल्या बघताय?” फोनमधून आवाज आला. “मी या गावचा पोलीस पाटील होतो. ती जागा मला जन्मापासून माहीत आहे. सरकारी पंचनामा आहे त्या जागेचा, चौऱ्याहत्तर सालचा, माझ्या सहीचा. काठची जागा, पड. नकाशा पाठवतो. तिथे कधी काही नव्हतं आणि काही नसतं.”

“सर, तसं एक पत्र द्याल का? फाइलला लागेल.”

“दोन देतो.”

नकाशा आला, पत्रही आलं. रिकाम्या चौकोनाच्या बरोबर मध्ये नीरजाने मंडपाची आखणी केली. चुन्याची रेघ पडली ती जिथे दादामियाँ पहिली खुंटी ठोकत तिच्यावरून. पट्टीच्या हिशोबाने अकरा फूट; चौथराही जमिनीलगतच ठेवायचा होता.

मदिनाबींनी घरी जाऊन सकीनाला फोन केला. सकीना आता लोणी काळभोरला राहते. सगळं ऐकून ती म्हणाली, “तू काही केलं नाहीस ना?”

“काही नाही.”

“मग?”

“त्यांनी स्वतःच लिहून दिलंय, तिथं काय नसतं म्हणून. आपण कोण खोडणार.”

मंडप जूनच्या मध्याला उभा राहिला. मदिनाबींनी त्याच्या बाजूची हिरवळ लावली. दत्तोबांनी काम दिलं आणि त्यांनी ते नीट केलं. ३० जूनला पाणी आठ फूट होतं. जुलैअखेर दहा. एवढ्यावर थांबतं का, ही त्या महिनाभरातली एकच भीती. रोज सहा वाजून दहाला बुरुजावर बसून मदिनाबी आकडा तीन-तीनदा वाचायच्या. वर्षअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या; दुसरा पावसाळा त्यांच्याकडे नव्हता. ३ ऑगस्टला टेकड्यांवर दिवसभर पाऊस कोसळला. चारला सकाळी पट्टीवर अकरा फूट दोन इंच. चौथऱ्यावर दोन बोटं पाणी.

दत्तोबा दुपारी आले. “मदिनाबी, मोरी उघडू या का? ट्रस्टवाले बोंबलतायत.”

“उघडू की. चावी द्या. पाणी खाली शाळेच्या मैदानात शिरतं, तेवढं शाळेला लेखी कळवा. आणि मला लेखी द्या, उघडा म्हणून.”

“लेखी?”

“तुमच्या सहीचं.”

दत्तोबांनी डोकं खाजवलं. “उतरेल म्हणतात दोन दिवसांत.”

“असं म्हणतात होय.”

चावी खुंटीवरच राहिली.

नीरजा संध्याकाळी आली. चेहरा पांढरा पडलेला. “मावशी, तुम्ही म्हणाला होतात पाणी येत नाही.”

“मी म्हणाले, आत्ता नाही. आणि मागच्या वर्षी नव्हतं. नोंदवही बघा, असंही म्हणाले होते.”

तिने कपाट उघडलं आणि उभ्या उभ्या पानं उलटली. २००५, पंधरा फूट. २००६, पंधरा फूट दोन इंच. तिने वही मिटली. मग म्हणाली, “माझी नोकरी जाणार.”

“त्यांचं सहीचं पत्र आहे ना तुमच्याकडे?”

“आहे.”

“जपून ठेवा. झेरॉक्स काढा. दोन.”

नीरजाने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला काहीतरी कळलं. पाणी येणार हे मावशींना मेपासूनच माहीत होतं. पुढच्या आठवड्यात पत्र ट्रस्टच्या बैठकीत निघालं आणि तिच्यावरचं बोलणं तिथेच थांबलं.

पत्रिका तोवर वाटून झाल्या होत्या, चारशे. आप्पासाहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दीड महिना ते बंगल्याबाहेर पडले नव्हते. त्यांना कळवलं गेलं ते असं : जरा पाणी आलंय. त्यांच्याभोवतीच्या माणसांना इतक्या वर्षांत जास्त वाईट बातमी द्यायची सवयच राहिली नव्हती. सोहळा समोरच्या हिरवळीवर करायचा, फीत तेवढी पुढे जाऊन कापायची, असं ठरलं.

तर २१ ऑगस्ट. साडेनऊपासून माणसं यायला लागली. पैठण्या, टोप्या, अत्तर. सकाळच्या फिरायच्या मंडळातली पेन्शनर मंडळी आधीच खुर्च्या धरून बसली होती. पावणेदहाला गाडी आली. आप्पासाहेब काठी टेकत उतरले आणि दोन मुलांच्या आधाराने हिरवळीच्या कडेपर्यंत आले.

मदिनाबी तिथेच होत्या. दत्तोबांनी त्यांना कडेच्या कुंड्यांपाशी उभं केलं होतं, कुणी पाण्याकडे जाऊ नये म्हणून. अंगात खाकी एप्रन, हातात झाडू. गेले दोन महिने त्यांनी एक वाक्य घोळवून ठेवलं होतं. आप्पासाहेबांच्या त्या जुन्या वाक्यात काकड्यांऐवजी मंडप घातला की ते तयार होत होतं. आज सगळ्यांसमोर ते बोलायचं, मग नोकरीचे चार महिने राहोत की जावोत.

एक पाहुणे, बहुतेक व्याह्यांपैकी, चष्मा सारखा करत म्हणाले, “आप्पासाहेब, मंडप कुठं म्हणालात?”

आप्पासाहेबांनी पाण्याकडे बोट केलं. “तिथं.”

“पाण्यात?”

आणि मदिनाबी तोंड उघडणार तोच मागच्या खुर्चीवरून एका पेन्शनरांनी, पेपरची घडी न मोडता, अगदी सहज म्हटलं, “आप्पासाहेब पाण्यात मंडप बांधतात. आपल्याला नाही परवडायचं.”

हिरवळीवर हसू फुटलं. चारशे माणसांचं हसू फार मोठं असतं. हातांनी तोंडं झाकली तरी ते दबत नाही. मदिनाबी उभ्याच राहिल्या. बेचाळीस वर्षांचं वाक्य कुणीतरी फुकटात बोलून गेला होता. त्यांना त्या माणसाचा भयंकर राग आला.

आप्पासाहेबांचा चेहरा तांबडा झाला. “हसायला काय झालं? अहो, तळं नाही ते. जमीन आहे. दिवाळीनंतर उघडी पडते. इथं बागवान काकड्या लावायचा, खरबुजं लावायचा. उभ्या पुण्यात तसा माल नव्हता. मी स्वतः खाल्लाय.”

“कागदावर तर पड आहे, आप्पासाहेब,” मदिनाबी म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. पण हसू नुकतंच ओसरलं होतं, त्यामुळे पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं.

आप्पासाहेबांनी वळून पाहिलं. आधी झाडूकडे, मग एप्रनकडे, मग तोंडाकडे. “कोण गं तू?”

“दादामियाँची मदिना. त्या दिवशी बांधावर होते.”

ते पाहत राहिले. कुठेतरी आत एक दार उघडल्यासारखं त्यांचं तोंड किंचित उघडलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मंडपाकडे, पाटीवरच्या आपल्या नावाकडे, आणि मग पुन्हा तिच्याकडे. आता त्यांना आठवत होतं. मदिनाबींनी नीट निरखून खात्री करून घेतली.

“मग मे महिन्यात सांगायचं नाही का?” ते हळू आवाजात म्हणाले.

“मला विचारलं, आत्ता पाणी आहे का. आत्ता नव्हतं. पुढचं तुम्ही सांगितलंत, फोनवर. तिथं काय नसतं म्हणून.”

“एवढं मनात धरलंस?”

“तुम्ही धरलं नाहीत. कुणीतरी धरायला पाहिजे.”

मुलाने आप्पासाहेबांचा दंड धरला. ते खुर्चीपर्यंत गेले. ओवाळणं झालं, भाषणं झाली. मंडपाचा उल्लेख कुणी केला नाही. फीत कापायची राहिली, ती दोन बांबूंना तशीच बांधलेली होती. जाताना माणसं पेढ्याचा पुडा हातात घेऊन काठापर्यंत जात, पाण्याकडे बोट दाखवत आणि फोटो काढत. बोटींच्या खिडकीवर विचारणा सुरू झाली, मंडपापर्यंत नेता का. साडेबारापर्यंत चारही हंस तिकडेच फेऱ्या मारत होते. जोगतळ्याला एक नवीन आकर्षण मिळालं होतं.

दुपारी दत्तोबा जवळ येऊन उभे राहिले. “काय मदिनाबी. पोटात शांत झालं का?”

मदिनाबी चुरगळलेली फुलं टोपलीत भरत होत्या. “नाव अजून दिसतंय,” त्या म्हणाल्या.

“किती राहिलं?”

“सव्वा फूट. सांडव्यावरून पाणी बाहेर जातं ते पंधरा फूट आठ इंचांना. मागच्या टेकड्यांचं पाणी अजून उतरायचंय.”

दत्तोबांनी तळ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. ऑफिसात जाऊन त्यांनी खुंटीवरची मोरीची चावी काढली आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं.

उद्या सोमवार, उद्यानाची साप्ताहिक सुट्टी. फाटक बंद राहील, गाडी आणि बोटीही. पाण्याच्या नोंदीला सुट्टी नसते. ती सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी घेतली जाईल.